पाणी मुरते कुठे?

मराठी माणसाला संशय आला की तो सरळ आरोप करीत नाही. “कुठेतरी पाणी मुरतंय,” एवढेच म्हणून गप्प बसतो. सोसायटीचा हिशेब जुळेना, पाणी मुरतंय. एरवी तोंड न दाखवणारा मेहुणा पेढे घेऊन आला, पाणी मुरतंय. या वाक्प्रचारात खरोखरीचे पाणी कधीच नसते. आमच्या घरी मात्र यंदा ते होते, आणि ते आमच्या मोटारीत मुरत होते.

मोटारीच्या बॉनेटखाली प्लॅस्टिकची एक पांढरट टाकी असते. तिच्यावर वर एक आणि खाली एक अशा दोन खुणा असतात. दर रविवारी सकाळी, इंजिन थंडगार असताना, मी तिच्यात डोकावतो आणि पाण्याच्या पातळीपाशी पेन्सिलीची रेघ ओढतो. माझ्या या रविवारच्या पूजेची घरात भरपूर थट्टा होते. पण गणपतीनंतरच्या रविवारी पाणी रेघेच्या दोन बोटे खाली दिसले. मी भरले. तीन आठवड्यांत पुन्हा दोन बोटे खाली! गाडीखालची फरशी मात्र कोरडी ठणठणीत.

आता दोन बोटे पाण्याचे एवढे काय, असे आपण म्हणाल. पण पेट्रोल जळून जी उष्णता निघते, तिच्यातली ढोबळ मानाने एक-तृतीयांशच गाडी हाकण्याच्या कामी येते. साधारण तेवढीच सायलेन्सरमधून बाहेर पडते, आणि उरलेली बरीचशी या पाण्याला वाहून न्यावी लागते. ते नुसते पाणीही नव्हे. त्यात जवळजवळ निम्मे ग्लायकॉल असते. त्यामुळे उकळी उशिरा फुटते, आणि सोबत मिसळलेल्या गंजरोधक द्रव्यांमुळे आतले लोखंड गंजत नाही. शिवाय सगळा कारभार कुकरसारखा, दाबाखाली चालतो. म्हणूनच गरम इंजिनाचे झाकण उघडणे म्हणजे शिट्टी होत असलेल्या कुकरचे झाकण ओढण्यासारखे आहे. आणि हे द्रव्य चवीला गोड पण विषारी असते. सांडलेले चाटून कुत्रीमांजरे जिवाला मुकतात.

मोटारीतून पहिला लांबचा प्रवास केला तो बेर्टा बेंझ या गृहिणीने, १८८८ च्या ऑगस्टमध्ये. नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन ती मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली, आणि वाटेत जागोजाग थांबून गाडीला पाणी पाजत राहिली. पण त्या गाडीतले पाणी वाफ होऊन उडून जायचेच, तशी तिची रचनाच होती. आजच्या गाडीत तेच पाणी फिरत राहते. ते सारखे कमी होऊ लागले, तर त्याने कुठेतरी वाट काढली आहे असे समजावे.

ही बातमी बाहेर पडताच सल्ल्यांचा पाऊस पडला. वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, “अरे, उन्हाळ्यात पाणी आटतंच.” तेव्हा बाहेर धो धो पाऊस पडत होता. शेजारच्या गृहस्थांनी गाडीखालचे थारोळे दाखवून विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले. ते एसीचे पाणी होते. त्याला ना रंग, ना वास. तिसऱ्यांनी रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकायला सांगितले. हा उपाय आपल्याकडच्या ट्रकवाल्यांचा. बारीक भोक त्याने कधीकधी बुजतेही. पण भोक कोणते आणि पाण्याची नळी कोणती, हे हळदीला कळत नाही.

मला घाई होती ती आईमुळे. ती साताऱ्याला राहते. तिचे हृदय जरा नाजूक आहे. महिन्यातून एकदा तिला पुण्याच्या डॉक्टरांना दाखवायला आणतो आणि परत पोहोचवतो. परतताना खंबाटकीचा चढ लागतो. पाणी कमी असलेली गाडी दगा देणार ती नेमकी अशाच ठिकाणी. आणि दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती.

आमचे मिस्त्री साठीच्या पुढचे आहेत. बोलणे कमी, बघणे फार. “साहेब, आधी बाहेर बघू, मग आत,” ते म्हणाले. गाडीखाली रात्रभर पुठ्ठा पसरला; तो सकाळी कोरडा निघाला. रबरी नळ्यांचे सांधे, रेडिएटरच्या जाळ्या, वॉटर पंपाखालचे बारीक भोक, पायाखालचा गालिचा, सगळे त्यांनी बोटाने चाचपून पाहिले. मग रेडिएटरच्या तोंडाला घड्याळ लावलेला हातपंप बसवून पंधरा पौंड दाब भरला आणि चहा मागवला. अर्ध्या तासाने काटा अकरावर आला होता. खाली एक थेंब नव्हता.

“बाहेर नाही, म्हणजे आत.”

मग इंजिन चालू करून त्यांनी त्याच तोंडावर निळ्या द्रवाची काचनळी धरली. पाण्यातून वर येणारी हवा त्या द्रवातून जाऊ लागली. दोन-चार मिनिटांत निळा रंग हिरवट झाला आणि पाहता पाहता पिवळा पडला. जळलेल्या पेट्रोलचा वायू पाण्यात शिरत होता. आग, पाणी आणि तेल यांना एकमेकांपासून दूर ठेवणारा एक पातळ पत्रा इंजिनाच्या डोक्याखाली असतो, हेड गॅस्केट. तो एका जागी फुटला होता. तेल मात्र अजून स्वच्छ होते. पाणी मिसळले असते तर ते दुधाळ दिसले असते. “वेळेत आलात,” मिस्त्री म्हणाले.

खर्चाचा अंदाज एकतीस हजार. गाडीला चौदावे वर्ष. बाजारात तिची किंमत फार तर पंचाण्णव हजार. त्या रात्री मी कागदावर बेरजा-वजाबाक्या करीत बसलो. जुन्या गाड्यांच्या एका दलालाने फोनवर सोपा मार्ग सुचवला होता. “कशाला खर्च करता, साहेब? पाणी काठोकाठ भरा, गळती बंद करायची एक पुडी टाका. गिऱ्हाईक तयार आहे. लेकुरवाळं जोडपं आहे, त्यांना काय कळतंय!”

मी हे पत्नीला सांगितले. ती करंज्यांचे सारण परतत होती. झारा न थांबवता म्हणाली, “अहो, ज्या गाडीत आईंना बसवायची तुम्हांला भीती वाटते, तिच्यात दुसऱ्याची आई बसलेली चालेल का?”

यावर माझ्या कागदात उत्तर नव्हते. पुडीचा मार्ग तिथेच संपला. उरले दोनच. एक, दोष सांगून गाडी मिळेल त्या किमतीला देणे. दुसरा, ती दुरुस्त करणे. मिस्त्रींना विचारून आलो. बाकीच्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन चांगले, पत्रा कुठे गंजलेला नाही, गिअरबॉक्स ठणठणीत. पत्राच सडलेला असता तर मीच गाडी भंगारात दिली असती. पण एकतीस हजारांची तुलना गाडीच्या किमतीशी करणे बरोबर नव्हते. एवढ्या पैशांत इतकीच भरवशाची दुसरी गाडी मिळेल का, हा खरा प्रश्न होता. मिळणार नव्हती. दुरुस्ती ठरली.

हेड उतरवून त्यांनी त्यावर पोलादी पट्टी आडवी धरली. वाक अगदी किरकोळ होता, मशीनवर पातळ थर काढून ते सपाट करता आले. इंजिन उघडलेच आहे म्हणून वॉटर पंप आणि जुन्या नळ्याही बदलल्या. सहा दिवस लागले, आणि अंदाजावर आणखी अडीच हजार. त्यानंतर सलग दोन रविवार पाणी रेघेवरून हलले नाही.

आई दिवाळीला आली, डॉक्टरांना दाखवून झाले, आणि भाऊबीज आटोपून मी तिला साताऱ्याला सोडायला निघालो. खंबाटकी चढताना माझा एक डोळा रस्त्यावर होता आणि दुसरा तापमानाच्या काट्यावर. एका वळणावर एक ट्रक तापून उभा होता. क्लीनर झाकणापासून दूर, बादली घेऊन तो थंड होण्याची वाट पाहत होता. आमचा काटा मध्याच्या खालीच स्थिर होता. तेवढ्यात मागून आवाज आला, “अरे, ते एसी का काय ते बंद कर बाबा. मघापासून गारठतेय मी.”