एकास पंचवीस

सप्टेंबर संपत आला की डेट्रॉइट आणि आसपासचे मोटारविक्रेते शोरूमच्या काचा आतून कागद लावून झाकून घ्यायचे. नव्या सालच्या गाड्या गुपचूप आत यायच्या आणि जाहीर केलेल्या दिवशी कागद निघायचे. 1950-60च्या दशकांत तो एक सणच होता. मोठी माणसं बोनेट उघडून बघत, किमतीवरून घासाघीस करत. पोरांचा डोळा मात्र सेल्समनच्या टेबलावर. तिथे तीच गाडी, कंपनीच्याच रंगात, प्लास्टिकची, वीतभर लांबीची उभी असे. प्रमाण एकास पंचवीस, म्हणजे पाच मीटरची गाडी वीस सेंटिमीटरची. वडिलांनी सौदा केला तर ती पोराला फुकट. नाही केला, तरी पोराला तोंड नीट पाडता येत असेल तर कधीकधी मिळून जायची.

या छोट्या गाड्यांना प्रोमो म्हणत. त्या बनवणारी एएमटी ही डेट्रॉइटचीच कंपनी. वेस्ट गॅलोग्ली नावाच्या एका वकिलाने ती 1948 साली काढली. सुरुवातीची फोर्ड ॲल्युमिनियमची होती, म्हणून नाव ॲल्युमिनियम मॉडेल टॉइज; पुढे प्लास्टिक आलं आणि नावाची आद्याक्षरं तेवढी उरली. मौज अशी की पुढच्या वर्षीच्या गाडीचे आराखडे मोटार कंपन्यांना या खेळणेवाल्यांच्या हाती आधीच द्यावे लागत, नाहीतर कागद निघायच्या दिवशी प्रोमो तयार कसा असणार? 1958 साली एएमटीने त्याच धर्तीवर सुटे भाग डब्यात भरून, म्हणजे किट म्हणून, विकायला काढले. एका डब्यात तीन शक्यता: कारखान्यातून निघते तशी गाडी, हौसेने नटवलेली गाडी किंवा शर्यतीची गाडी. किंमत दीड डॉलरच्या आतबाहेर.

यातलं मी काहीच पाहिलेलं नाही. त्या काळात मी साताऱ्यात काड्यापेटीच्या डब्याला शिवणाच्या दोऱ्याची रिकामी रिळं लावून त्याला मोटार म्हणत होतो. हे सगळं सांगितलं ते माझ्या शेजाऱ्याने. 1979 साली नोकरीसाठी मिशिगनला आलो, तेव्हापासून त्याची-माझी भिंत एक नसली तरी कुंपण एक आहे. माझ्याच वयाचा, पेशाने डाय बनवणारा, म्हणजे पोलादात साचे कोरणारा. त्याच्या बोलण्यातला जो मुद्दा माझ्या डोक्यात घट्ट बसला तो हा, की 1962 साली बारा वर्षांचा असताना तो जी शेव्हरोले जोडत होता, ती 1962चीच होती. बाहेर रस्त्यावर तीच गाडी धावत होती, समोरच्या घरात उभी होती. आज तो पंचाहत्तरीला पोचलाय आणि जोडतोय 1962चीच शेव्हरोले.

मी आलो तेव्हा या गाड्या जोडण्याच्या छंदाचा भर ओसरू लागला होता, तरी के-मार्ट या दुकानसाखळीत खेळण्यांच्या विभागात किटांचा अख्खा एक बोळ असे. बाजूला टेस्टर्स कंपनीच्या इवल्याशा चौकोनी काचेच्या बाटल्या, त्यात इनॅमल रंग, आणि नळीतला गोंद. त्या गोंदाला उग्र वास यायचा. त्याची कथा अशी की साठच्या दशकात काही पोरं गाडी जोडायची सोडून गोंद हुंगायला लागली आणि गावोगावच्या पालकांनी ओरड केली. तेव्हा 1969 साली टेस्टर्सने त्यात मोहरीचा तिखट अर्क घातला. हुंगायला गेलं की नाकातून पाणी. मोहरीच्या फोडणीत वाढलेल्या आमच्या नाकाला त्याचं फारसं काही वाटलं नाही, हे जाता जाता.

तसं पाहिलं तर तो गोंदच नव्हे. किटचं प्लास्टिक असतं पॉलिस्टायरीन. हा द्रव ते विरघळवतो, दोन कडा एकमेकींत मिसळतात, द्रव उडून गेला की सांधा एकजीव. नळीतून मात्र तो नको तितका बाहेर यायचा. बोटाला लागायचा, बोट काचेला लागायचं, आणि विंडशील्डवर कायमचा ठसा. आता टामिया या जपानी कंपनीच्या बाटलीतला पातळ द्रव मिळतो. झाकणालाच बारीक ब्रश असतो. दोन भाग जुळवून धरायचे, सांध्याला ब्रशचं टोक नुसतं टेकवायचं, द्रव आपोआप फटीतून पळत जातो. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा शेजाऱ्याने एक इंग्रजी शिवी हासडली, ती कौतुकाची होती.

रंगाचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण खरा फरक तिथे पडला. तेव्हाची पद्धत म्हणजे बाटली हलवा, ब्रश बुडवा, फासा. इनॅमल सावकाश वाळायचं, ब्रशचे ओरखडे उमटायचे, दाराच्या रेषा रंगाने बुजायच्या, आणि बेसमेंटमधली सगळी धूळ त्या ओल्या छतावर येऊन बसायची. ज्यांच्याकडे पैसे होते ते स्प्रेचा डबा आणत. त्यातून रंग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत बसायचा. काचेभोवतीच्या, दारांखालच्या चकचकीत पट्ट्या चांदीच्या रंगाने, श्वास रोखून, हाताने. हात हलला की संपलं.

आता बघा. आधी सुटे भाग साबणाच्या पाण्याने धुवायचे, कारण साच्यातून सहज सुटावेत म्हणून लावलेलं तेल त्यांवर असतं. साच्याचे दोन तुकडे जिथे मिळतात तिथे अंगावर एक बारीक धार उमटते. मागच्या मडगार्डवरून, छताच्या कडेवरून जाणारी ती धार कानशीने, मग पॉलिश पेपरने काढायची. खड्डे पुट्टीने भरायचे, मग प्रायमर. प्रायमर मारला की राहून गेलेलं सगळं उघडं पडतं, म्हणून पुन्हा घासा, पुन्हा प्रायमर. मग एअरब्रशने लॅकर, पातळ, अनेक हात. खऱ्या गाडीच्या रंग-क्रमांकाप्रमाणे तयार करून दिलेला रंग बाटलीत मिळतो. 1962च्या शेव्हरोलेचा लाल म्हणजे तोच लाल. त्यावर क्लिअर कोट. तो वाळवायला आमच्या गाड्या जोडणाऱ्यांच्या क्लबातले बरेच जण फळं सुकवायचं यंत्र वापरतात. आमच्या घरी ते आमसुलं आणि आंबापोळीसाठी आणलं होतं. ते बेसमेंटमध्ये कसं गेलं यावर घरात एकदा सविस्तर चर्चा झाली, नंतर दुसरं यंत्र आणलं. वाळल्यावर पुन्हा घासायचं, पण आता कापडासारख्या मऊ पॉलिश पेपरने, तीन हजार सहाशेपासून बारा हजार नंबरपर्यंत, पाण्याखाली. शेवटी पॉलिश. छतात ट्यूबलाइट सरळ रेषेत दिसली पाहिजे. चांदीच्या पट्ट्यांसाठी पाठीला चिकट असलेला पातळ धातूचा वर्ख मिळतो. तो लावायचा, कापूसकाडीने दाबायचा, नवं कोरं ब्लेड घेऊन कडेने कापायचा. हा वर्ख बेअर-मेटल फॉइल नावाने मिशिगनमध्येच तयार होऊ लागला, याचा शेजाऱ्याला उगाचच अभिमान.

हे सगळं करून गाडी सुंदर होते, यात वाद नाही. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांना मी आमच्या पोरांच्या काळातल्या गाड्या दाखवतो. त्यात सोनं काही नाही, अंगठ्यांचे ठसे आहेत. पण मला एक खटकतं. 1962 साली कुठल्याही कारखान्यातून इतकी गुळगुळीत गाडी बाहेर पडली नव्हती. खऱ्या गाडीच्या रंगालाही संत्र्याची साल असायचीच. आम्ही पंचवीस पट लहान गाडी खऱ्या गाडीपेक्षा चांगली रंगवतो आणि तिला हुबेहूब म्हणतो.

हुबेहूबपणाचं वेड जपान्यांनी लावलं. टामिया ही शिझुओकाची, मुळात लाकडाच्या वखारीतून निघालेली. त्यांचं प्रमाण एकास चोवीस, त्यामुळे आमच्या गाड्यांशेजारी त्यांची गाडी ठेवली की किंचित मोठी दिसते. कंपनीच्या शुनसाकू टामिया यांनी पोर्श 934चं किट करण्यासाठी खरी पोर्श 911 विकत घेतली आणि मोजमापासाठी तिचा एकेक भाग सुटा केला. सुटं करणं जमलं, पुन्हा जोडणं जमेना. शेवटी पोर्शची माणसं बोलवावी लागली असं ते स्वतः सांगत. त्यांच्या किटचे भाग एकमेकांत असे बसतात की चुकायला वावच नाही. जुन्या अमेरिकन किटमध्ये चॅसिस बॉडीत घालताना दोन्ही बाजू ताणून धराव्या लागतात आणि तरी पुढचं चाक हवेत राहतं. शेजारी म्हणतो, जपानी किट नुसतं जोडायचं, अमेरिकन किट बांधायचं. मला स्वतःला नुसतं जोडायला आवडतं.

कंपन्यांचं काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात रमण्यासारखं काही नाही. एएमटी मी येण्याच्या आदल्या वर्षी मॅचबॉक्सवाल्या लेस्नीकडे गेली, तिथून अर्टलकडे, आता इंडियानातल्या राउंड टूकडे आहे. रेव्हेल आणि मोनोग्राम या किटांच्या दुसऱ्या दोन कंपन्या एकत्र आल्या. 2018 साली रेव्हेलची मालक कंपनी दिवाळखोरीत गेली आणि रेव्हेल जर्मन गुंतवणूकदारांकडे. के-मार्टमधला किटांचा बोळ आधी गेला, मागोमाग के-मार्ट.

साच्यांची गोष्ट वेगळी. दरवर्षी नवी गाडी आली की आदल्या वर्षीचाच साचा कापून-कोरून नव्या सालचा करत. पोलाद महाग, आणि जुन्या सालची गाडी कोण घेणार? त्यामुळे कितीतरी गाड्यांचे मूळ साचे उरलेच नाहीत. आता जुन्या सालचीच गाडी हवी असते. मग कुठून तरी न उघडलेला डबा शोधायचा, त्यातल्या भागांची मोजमापं घ्यायची आणि हरवलेला साचा पुन्हा कोरायचा. ज्याने आयुष्यभर पोलाद कोरलं तो माझा शेजारी हे ऐकून खूश व्हावा की नाही ते त्याचं त्यालाच ठरवता येत नाही. किंमत तीस-पस्तीस डॉलर. महागाई धरली तरी दीड डॉलरच्या दुप्पट. डब्यावर चित्र मात्र साठ सालचंच छापतात, कारण घेणाऱ्याला तेच ओळखू येतं.

जुन्या छोट्या गाड्या जमवणाऱ्यांचे बाजार भरतात, शाळेच्या व्यायामशाळेत नाहीतर एखाद्या क्लबच्या हॉलमध्ये. तिथे सगळ्यात रस वाटतो तो एका टेबलाखाली खोक्यात टाकलेल्या गाड्यांत. पोरांनी पन्नास-साठ वर्षांपूर्वी जोडलेल्या, गोंदाने थबथबलेल्या, हिरव्या इनॅमलखाली गाडलेल्या. त्यांना ग्लू बॉम्ब म्हणतात. फ्रीजरमध्ये ठेवल्या की सांधे ठिसूळ होऊन सुटतात. ब्रेक ऑइलमध्ये बुडवल्या की रंगाचे पापुद्रे निघतात. फटाक्यांपासून वाचलेल्या या गाड्या, कारण चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, आपल्या जोडलेल्या गाडीत फटाका ठेवून ती उडवणं हा या छंदाचा सर्वमान्य शेवट होता. आमचं कुणाचंच आता आपल्या गाडीला काडी लावायचं धाडस नाही. एकदा शेजाऱ्याने सोडवलेल्या गाडीच्या चॅसिसखाली टाचणीने कोरलेलं एका मुलाचं नाव आणि ‘खोली नंबर 7’ सापडलं. तेवढा भाग त्याने घासला नाही.

नवी गाडी कोण जोडतं, हा प्रश्न विचारला की आमच्या क्लबात गप्प बसतात. टामिया अजून नव्या गाड्यांची किटं काढते: जीआर सुप्रा, जीआर 86, निस्सानची नवी झेड. पण इथल्या पार्किंगमध्ये उभी असते ती राखाडी एसयूव्ही. तिचं किट कुणी काढलं तरी ते घ्यायला मुलगा हट्ट धरेल असं वाटत नाही. माझा नातू संगणकावर गाडी चालवतो आणि ती तिथेच रंगवतो. हात कोरडे राहतात. त्याला काही कमी पडतंय असं मला दिसत नाही.

माझ्या मुलाला मात्र आता चाळिशीत छंद लागला. तो थ्रीडी प्रिंटर घेऊन बसला आणि म्हणाला, “बाबा, तुमची पद्मिनी करूया. काळी-पिवळी.” प्रीमियर पद्मिनी, म्हणजे मूळची फियाट 1100, मुंबईत कुर्ल्याला बनायची. ऑक्टोबर 2023 मध्ये तिची शेवटच्या नोंदणीची काळी-पिवळी टॅक्सी वीस वर्षांची मर्यादा संपून मुंबईच्या रस्त्यावरून गेली. माझ्या तरुणपणी हिचं किट हवं म्हणून मी तोंड पाडलं असतं तरी द्यायला कुणी नव्हतं. आता आराखडा संगणकावर काढला, बॉडी रेझिनमध्ये थर थर चढत तयार झाली, चाकं दुसऱ्या किटमधून घेतली, टपावरचं कॅरिअर पितळी तारेचं वाकवून डाक लावून केलं. मीटर डावीकडे, बाहेर, झेंड्यासकट. त्यासाठी मुलाने मला व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवलं.

रंगाला शेजारी आला. आधी पिवळा मारून छत झाकायचं आणि मग काळा, कारण काळ्यावर पिवळा मारला तर खालचा काळा डोकावतो, हे त्याचं बरोबर होतं. पण काळ्यावर त्याने क्लिअर कोट चढवला, पॉलिश केलं, आणि आता दारात ट्यूबलाइट सरळ दिसते. मी त्याला म्हटलं, दादरला उभी राहिलेली एकही टॅक्सी इतकी चमकत नव्हती. काळा रंग उन्हाने उडून राखाडी झालेला असे, मागच्या दाराला खरचटलेलं असे, हिला दोन हजार नंबरच्या पेपरने निस्तेज करायला हवं. तो म्हणतो, घासायचंच असेल तर माझ्या मृत्यूनंतर घासा. गाडी त्याच्या बेसमेंटमध्ये आहे आणि पेपर माझ्या.