मार्थेची बाजू

मार्थेची बाजू घेऊन प्रवचन करणारा फादर मला अजून भेटायचा आहे. लूकच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायातली ही गोष्ट. येशू दोन बहिणींच्या घरी येतो. मरिया त्याच्या पायाशी बसून ऐकत राहते आणि मार्था एकटी पाहुणचारात राबते. शेवटी न राहवून ती येऊन तक्रार करते, की हिला जरा मला हात लावायला सांग. येशू म्हणतो, मरियेने चांगला वाटा निवडला आहे. झालं! तीन वर्षांनी एकदा रविवारच्या मिस्साला हे वाचन येतं. २०२५च्या जुलैत आलं होतं. दर वेळी आम्ही बायका बाकावर बसून ऐकतो, की धावपळ कमी करा, देवासाठी वेळ काढा. मिस्साहून परतताना त्याच बायका झपाझप चालत असतात, कारण रविवारचं जेवण व्हायचं असतं आणि पाहुणे यायचे असतात. कधीकधी पाहुणे म्हणजे ते फादरच असतात.

मी वसईची. माहेर आणि सासर दोन्ही स्टेशनच्या पश्चिमेला, बसने जावं लागतं अशा गावांत. लग्नाआधी चर्चच्या युवा गटात होते. शिबिरांना जायचे, मौन पाळायचे, वहीत बायबलचे उतारे उतरवून काढायचे. देव भेटायचा तर तो अशा शांततेत, हे तेव्हा इतकं उघड वाटायचं की त्यावर विचारही केला नव्हता. मग नोकरी चर्चगेटला, नवऱ्याची नोकरी पाळीची, दोन मुलं, सासूबाई, आणि घरामागे वाडीचा एक तुकडा, जो विकवतही नाही आणि धड करवतही नाही. शांतता संपली. ती वही कुठल्या ट्रंकेत आहे, मला सांगता यायचं नाही.

श्रद्धा मात्र राहिली. राहिली कशी, तर आमच्या सासूबाईंच्या हट्टामुळे. रात्री जेवणाआधी जपमाळ झालीच पाहिजे, हा त्यांचा नियम. कोण दमलंय, कोणाची परीक्षा आहे, टीव्हीवर कुठला सामना आहे, काही ऐकून घ्यायच्या नाहीत. मी नवी नवरी होते तेव्हा मला हा प्रकार यांत्रिक वाटायचा. पाच दशकं, प्रत्येकात दहा वेळा तीच ‘नमो मरिया’, तीही अशा वेगाने की शब्द एकमेकांत अडकावेत. याला प्रार्थना म्हणायचं का?

आज मी या घोकंपट्टीची वकील आहे. दिवसभर डोकं वापरून घरी आलेल्या माणसाला रात्री देवाशी स्वतःच्या शब्दांत बोल म्हणणं म्हणजे छळ आहे. माझ्याकडे त्या वेळी स्वतःचे शब्द नसतातच. मुळात ही प्रार्थना आली ती अशाच लोकांसाठी. मठातले साधू दीडशे स्तोत्रं म्हणत; ज्यांना वाचता येत नव्हतं आणि ज्यांचे हात कामात होते, ते त्याऐवजी तीच छोटी प्रार्थना दीडशे वेळा म्हणत. दर दशकाला मनात आणायचा एकेक प्रसंग, त्याला आम्ही रहस्य म्हणतो; आनंदाची, दुःखाची, गौरवाची अशी पंधरा रहस्यं त्या हिशेबातली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली प्रकाशाची पाच रहस्यं घातली तेव्हा तो हिशेब मोडला, आणि सासूबाईंनी ती पाच रहस्यं बरीच वर्षं परक्यासारखी वागवली. पोपचं म्हणणं ऐकायचं, पण बेताने.

आमची जपमाळ बाहेरच्या माणसाने बघितली तर हसेल. अल्टारसमोर मेणबत्ती लागते. सासूबाई खुर्चीत, आम्ही खाली. दुसऱ्या दशकाला कुकरची शिट्टी होते आणि मी बसल्या जागेवरून मुलीला डोळ्यांनी सांगते, जा, गॅस बारीक कर. ती प्रार्थना म्हणत म्हणतच उठते, स्वयंपाकघरातून तिचा आवाज येत राहतो. धाकटा दहाची अकरा करतो किंवा नऊवर उरकतो; मोजायला त्याला बोटं पुरत नाहीत, कारण एका हाताने तो मांजर धरून बसलेला असतो. नवरा सकाळपाळीचा असला की चौथ्या दशकात त्याची मान खाली जाते. ‘पवित्र मरिये’ ऐवजी तो एकदा झोपेत ‘बोला साहेब’ म्हणाला होता. त्या दिवशी सासूबाईसुद्धा हसल्या. शेवटी मुलं क्रमाने सगळ्या मोठ्यांकडे आशीर्वाद मागतात, आणि लगेच ताटं.

या प्रार्थनेची एक घडण आहे, तिचं महत्त्व मला संसारात पडल्यावरच उमगलं. ‘नमो मरिया’ दोन तुकड्यांत म्हणतात. जो पुढाकार घेतो तो पहिला अर्धा म्हणतो, बाकीचे दुसरा. दशकागणिक पुढाकार बदलतो. आता समजा, संध्याकाळी नवऱ्याशी कडाक्याचं वाजलं आहे. आमच्यात वाजतं ते बहुतेक वाडीवरून, त्याच्या भावाच्या हिश्शावरून. तोंड बघायची इच्छा नसते. पण त्याचं दशक आलं की त्याने अर्धं वाक्य टाकायचं आणि ते मी पुरं करायचं. मग माझं आलं की मी टाकायचं, त्याने पुरं करायचं. पुन्हा पुन्हा. सुरुवातीला आवाजात राग असतो, शब्द आपटून आपटून येतात. दहाव्या वेळेपर्यंत राग टिकवायला फार कष्ट पडतात हो! मध्येच प्रभूची प्रार्थना येते, त्यात आम्ही जशी क्षमा करतो तशी तू आम्हांला कर, असं मागणं आहे. ते मुलांसमोर मोठ्याने म्हणायचं असतं. भांडण मिटतं असा माझा दावा नाही. हिश्शाचा प्रश्न अजून तसाच आहे. पण त्या रात्री आम्ही एका ताटवाढीला बसतो, आणि अबोला दुसऱ्या दिवसावर जात नाही. माझ्या संसारात ख्रिस्ताने केलेलं काम कुठलं, असं विचारलं तर मी हेच दाखवीन.

सासूबाईंची स्मृती आता गेली आहे. मला त्या नणंदेच्या नावाने हाक मारतात आणि नातीला माझ्या. जेवल्या की नाही हे त्यांना आठवत नाही. पण कोणी पहिला अर्धा म्हटला की दुसरा अर्धा त्यांच्या तोंडून बिनचूक येतो. जो प्रकार मला यांत्रिक वाटायचा, तोच शाबूत राहिला. बाकीचं सगळं त्यांनी विचार करून, समजून घेऊन साठवलं होतं. ते गेलं.

सकाळची माझी प्रार्थना लोकलमध्ये होते. दहा मण्यांची अंगठी असते, जपमाळेचं लहान रूप. ती बोटात फिरवायला एक हात पुरतो, दुसरा वरच्या कडीला. विरारहून गाडी भरून आलेली असते. बायकांच्या डब्यात आमच्या समोरच्या बाजूला भजनी मंडळ बसतं, टाळ बारीक वाजवतात. माझी ‘नमो मरिया’ पुष्कळदा त्यांच्या ठेक्यावर जाते. भाईंदरची खाडी आली की दारातल्या बायका निर्माल्याच्या पिशव्या पाण्यात सोडतात, मुठीतलं नाणं कपाळाला लावून टाकतात. मी पिशव्यांच्या विरुद्ध आहे, आणि तसं बोलूनही दाखवलं आहे. पण त्या क्षणी डब्यात अर्ध्याहून जास्त बायकांचे डोळे मिटलेले असतात, हे खरं. त्यांतल्या दोघी बुधवारी माहीमला उतरून तिथल्या चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला जातात. देवाची वेळ कुठली, हे लोकलच्या बायकांना शिकवायची गरज नाही.

राखेच्या बुधवारी मी पहाटेच्या मिस्साला जाऊन तशीच गाडी पकडते. फादरांनी कपाळावर राखेचा क्रूस काढलेला असतो आणि माती आहेस, मातीला मिळशील, याची आठवण दिलेली असते. बोरिवलीच्या आत कोणीतरी मायेने सांगतंच, ‘ताई, कपाळाला काहीतरी लागलंय, पुसा.’ एकीने तर पुसायला स्वतःचा रुमाल पुढे केला होता. मग मी सांगते, आमचा उपवासकाळ सुरू झाला, चाळीस दिवसांचा. उपवास म्हटलं की चर्चा आपोआप साबुदाण्यावर येते, आणि माझी पंचाईत होते. कारण उपवासकाळातल्या शुक्रवारी आम्हांला मांस वर्ज्य असतं, मासळी नाही. वसईच्या माणसाला मासळी खाऊन पाळलेला उपवास म्हणजे काय शिक्षा, तुम्हीच सांगा. पापलेट तळून वर आत्मसंयमाचं पुण्य! आमच्या घरात यावर उपाय म्हणून शुक्रवारी पेज आणि लोणचं असतं, आणि वाचलेले पैसे एका डब्यात जातात. डब्याचा हिशेब मुलीकडे आहे. ती बापाकडून दंडही वसूल करते.

तर मार्था. ती लूकमध्ये संपत नाही, हे प्रवचनांत सहसा येत नाही. योहानच्या अकराव्या अध्यायात तिचा भाऊ लाजरस वारल्यावर मरिया घरात बसून राहते आणि मार्था उठून गावाबाहेर येशूला सामोरी जाते. त्याला सरळ सांगते, तू इथे असतास तर माझा भाऊ गेला नसता. कामाच्या बाईची सवय. देवालाही जाब विचारते. आणि त्याच बोलण्यात ती म्हणते, की तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र आहेस, असा माझा विश्वास आहे. हीच कबुली मत्तयच्या सोळाव्या अध्यायात पेत्राने दिली तर त्याला स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या मिळाल्या. मार्थेला स्वयंपाक्यांची आश्रयदाती केलं. पुढच्याच अध्यायात, भाऊ जिवंत झाल्यावर, पुन्हा जेवण आहे आणि तिथेही वाढायला मार्थाच. या वेळी तिला कोणी काही म्हणत नाही. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी २९ जुलैचा तिचा सण मरिया आणि लाजरस यांच्यासह तिघांचा केला. पूर्वी तो तिच्या एकटीचा होता. म्हणजे तोही वाटून घ्यावा लागला. भावंडांच्या घरात असंच असतं.

येशूची स्वतःची उदाहरणं तरी कुठली आहेत? पिठात खमीर मिसळणारी बाई, हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई. पेत्राच्या सासूचा ताप त्याने उतरवला आणि ती उठून त्यांचं पाहुणपण करायला लागली, असं मार्कने लिहून ठेवलंय. तिला निदान त्या दिवशी तरी झोपू द्यायचं होतं, असं माझं मत आहे. पण एवढं दिसतं, की घरात काय चालतं हे त्याने नीट पाहिलं होतं.

म्हणून चर्चमधल्या मंडळींना एक विनंती आहे. महिलांसाठी बायबलवर्ग ठेवता, चांगलं करता. पण तो संध्याकाळी सातला ठेवू नका. सातला आम्ही बोरिवली सोडून दारात लटकलेल्या असतो, आणि ज्या घरी असतात त्यांची कणीक मळायची असते. साडेआठला ठेवा, एखाद्या घराच्या ओट्यावर ठेवा, अर्ध्या तासात आटपा. मुलांना बरोबर आणायला सांगा. ती आवाज करतील, मध्येच पाणी मागतील, ते धरून चाला. आणि त्या दिवशी घरचा स्वयंपाक पुरुषांनी करावा, हे रविवारच्या सूचनांमध्ये फादरांनी स्वतः वाचून दाखवावं.