सिकलसेल असलेल्या मुलीला घेऊन एक दिवसाची जंगल सहल

"डॉक्टर, पोरीला सिकलसेल आहे. सहलीला पाठवू का?"

दिवाळीच्या सुट्टीआधी हा प्रश्न दवाखान्यात हमखास येतो. नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, त्यामुळे नवापूरला हा प्रश्न नवा नाही. पण बहुतेक घरांत उत्तर आधीच ठरलेलं असतं : "नकोच, राहू दे घरी." माझ्या तेरा वर्षांच्या भाचीच्या दोन शालेय सहली अशाच हुकल्या. म्हणून गेल्या नोव्हेंबरात आम्ही घरच्यांनी तिला सोबत घेऊन वांसदा राष्ट्रीय उद्यानाची एक दिवसाची सहल आखली.

आधी आजार समजून घेऊ

निरोगी तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात. सिकलसेलच्या रुग्णात त्या विळ्यासारख्या वाकड्या व कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि तीव्र वेदना सुरू होतात. शरीरातलं पाणी कमी होणं, थंडी, अतिश्रम आणि संसर्ग ही त्याची नेहमीची कारणं. सहलीत पहिली तीन सहज घडतात, पण ती टाळणं बरंचसं आपल्या हातात असतं. (जे फक्त वाहक आहेत, त्यांना सहसा काही त्रास होत नाही. भरपूर पाणी प्यावं आणि अंगाबाहेरची दमछाक टाळावी, एवढं पुरे.)

वांसदाच का?

तोरणमाळ आपल्याच जिल्ह्यात, पण नवापूरहून लांब आणि घाटाचा रस्ता. वांसदा उद्यान गुजरातच्या नवसारी जिल्ह्यात, वघईजवळ आहे. सोनगड, व्यारा, उनाई असा रस्ता. १९७९ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं हे जंगल साधारण २४ चौरस किलोमीटरचं; साग आणि बांबूची दाट सावली. नोव्हेंबर निवडला, कारण पावसाळ्यात उद्यान बंद असतं आणि एप्रिल-मेचं ऊन भाचीला सोसणारं नाही. प्रवेशाच्या वेळा वनखात्याकडे आधीच विचारून घ्याव्यात.

"एवढं लांब जायचं आणि सापुतारा नाही?" ताई म्हणाली. नाहीच. सकाळी उद्यान, दुपारी गिरा धबधबा, अंधाराआधी घरी. एका दिवसात चार ठिकाणं ठेवली की विश्रांती, जेवण आणि पाणी या तीन गोष्टी पहिल्या मागे पडतात.

पाण्याचा खरा अडसर

"दर अर्ध्या तासाला पाणी पी," हे भाचीला पाठ आहे. तरी प्रवासात ती पीत नसे. कारण विचारलं तर आधी गप्प, मग हळूच म्हणाली, "मामा, वाटेत जायला जागा नसते ना." अनेक मुली आणि बायका याच कारणासाठी प्रवासात तहान मारतात. सिकलसेलमध्ये हे महागात पडतं. म्हणून आम्ही आधी स्वच्छतागृहाचे थांबे ठरवले, साधारण दर तासाला एक, आणि ते तिला सांगून ठेवले. त्या दिवशी तिने अडीच लिटर पाणी न सांगता संपवलं.

बाकीची तयारी अशी :

१. हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या नेहमीच्या वेळी. दुखण्याची ठरवून दिलेली गोळी सोबत.
२. पहाटेच्या गारठ्यासाठी स्वेटर, कानटोपी, मोजे.
३. जंगलात रमतगमत चालणं, दर दहा-पंधरा मिनिटांनी बसणं. तिची चाल तीच सगळ्यांची चाल.
४. धबधबा लांबूनच. गार पाण्यात भिजायचं नाही. खडक निसरडे असल्याने हा नियम सर्वांना लागू.
५. सिकलसेलचं कार्ड आणि जुने रिपोर्ट पिशवीत.

आईची काळजी वेगळी

आईला मधुमेह आहे. तिची साखर उतरू नये म्हणून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरूनच घेतली. जेवणाची वेळ चुकवली नाही. घाम, थरथर, घाबरल्यासारखं वाटलं तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी. उनाईला गरम पाण्याचे झरे आहेत. तिला तिथे पाय शेकायचे होते. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असेल तर पाणी किती गरम आहे ते कळत नाही आणि पाय भाजतो. तिने दर्शन घेतलं, पाय कोरडेच ठेवले.

धाकट्याला गाडी लागते. त्याला पुढे बसवलं, मोबाईल काढून घेतला, रिकाम्या पोटी निघू दिलं नाही. उलटी झाली नाही.

कधी जाऊ नये, कधी धावपळ करावी

ताप, खोकला किंवा नुकताच वेदनेचा झटका येऊन गेला असेल तर सहल पुढे ढकला. वाटेत १०१ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, छातीत दुखणं, धाप, एकाएकी पांढरेफटक पडणं, हातापायातली ताकद जाणं किंवा गोळीने न थांबणारी वेदना, यातलं काहीही झालं तर घरी पोहोचण्याची वाट पाहू नका. १०८ महाराष्ट्रात आणि गुजरातेत, दोन्हीकडे चालतो. आमच्या वाटेवरचं व्याऱ्याचं सरकारी रुग्णालय आम्ही नकाशावर आधीच पाहून ठेवलं होतं.

त्याची गरज पडली नाही. भाची दमली, रात्री लवकर झोपली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत गेली. आता शाळेची सहल जानेवारीत आहे. वरची यादी तिने स्वतःच वहीत उतरवून वर्गशिक्षिकेला दिली आहे. तुमच्या घरी असं मूल असेल तर तुम्हीही तसंच करा. मात्र निघण्याआधी एकदा आपल्या डॉक्टरांना दाखवून घ्या.