त्र्यंबकचा रस्ता आणि वाढत्या वयाची सायकल

नाशिकमधील मुलांसमोर लांब पल्ल्याच्या सायकलिंगचे आदर्श फार उंचीवरचे आहेत. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर चालणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली, तर २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने पार केली. हे आकडे ऐकलेले पालक मुलाला पहिल्याच महिन्यात ‘किती किलोमीटर झाले?’ असे विचारू लागतात आणि शिकवणाऱ्याचे काम तिथेच अवघड होते.

लांब पल्ल्याची गोडी अंतरातून नव्हे, लयीतून लागते. म्हणून मुलांसाठी शर्यतीपेक्षा ‘ब्रेव्हे’चा, म्हणजे ठराविक वेळेत अंतर पूर्ण करण्याच्या, क्रमांक न लावणाऱ्या राइडचा विचार अधिक जवळचा आहे. तिच्यात २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात आणि फार लवकर पोहोचणाऱ्याला वाटेवरचा तपासणी नाका उघडेपर्यंत थांबावे लागते. ते अंतर मोठ्यांचे. मुलांनी त्यातला केवळ हा संयम घ्यावा.

सुरुवात मात्र सीटपासून करावी लागते. कपड्यांप्रमाणे सायकलही ‘वाढत्या अंगाची’ घेण्याची आपल्याकडची सवय मुलांच्या गुडघ्यांना आणि पाठीला महागात पडते. सीटवर बसून टाच खाली गेलेल्या पायडलवर ठेवली असता पाय सरळ व्हावा आणि कंबर एका बाजूला कलू नये, हे माप सोपे आहे, परंतु मूल वाढत असल्याने ते पुन्हापुन्हा घ्यावे लागते. जड गिअरवर दात-ओठ खाऊन रेटणाऱ्या मुलाला पराक्रमाचा भास होतो; त्याच्यात हलक्या गिअरवर भरभर पाय फिरवण्याची रुची निर्माण करणे, हे या विद्येतले सर्वांत चिकाटीचे काम होय.

त्यासाठी त्र्यंबकचा रस्ता हा नाशिकला लाभलेला उत्तम गुरू म्हणावा लागेल. जाताना तो पश्चिमेकडे हळूहळू चढत जातो आणि पावसाळ्यात समोरून वारा घेतो; चढ डोळ्यांना दिसत नसल्याने मुलाला आपणच कमी पडलो असे वाटते, तेव्हा गिअर उतरवण्याची आणि तहान लागण्याआधी पाणी पिण्याची आठवण शेजारून शांतपणे करून द्यावी. पहिल्या काही वेळा वाटेतल्या अंजनेरी डोंगराच्या पायथ्यापर्यंतही जाण्याचा हट्ट नसावा, आणि मागे वळायचे कुठे हे मुलानेच ठरवावे, कारण परतीपुरते बळ राखून ठेवण्याचा अंदाज दुसऱ्याच्या हिशोबाने येत नाही. परतताना तोच चढ उतार होतो, वारा पाठीशी येतो, आणि मघाशी गप्प झालेले मूल गिअर स्वतःहून बदलत बोलू लागते.