कळंब्याची भिंत आणि ‘मित्रां’चा पंथ

कोल्हापुरातून संभाजीनगर मागे टाकून गारगोटीच्या दिशेने निघाले की कळंबा लागते. एकेकाळी हे शहराबाहेरचे गाव होते. आता शहरच वाढत वाढत त्याला येऊन भिडले आहे. दक्षिणेला कात्यायनीचे डोंगर आहेत. त्यांच्या उतारावरून येणारे पाणी अडवून संस्थानकाळात कळंबा तलाव बांधला गेला आणि कोल्हापूरकरांच्या कित्येक पिढ्यांची तहान त्या पाण्यावर भागली. पावसाळ्यात तलाव भरून सांडव्यावरून पाणी वाहू लागले की ते पाहायला आजही शहरातून माणसे येतात. परंतु कळंब्याची दुसरीही एक ओळख आहे आणि ती पाहायला हौसेने कोणी येत नाही. कोल्हापूरचे मध्यवर्ती कारागृह याच गावाच्या नावाने ओळखले जाते.

या कारागृहाच्या उंच भिंतीआड काय चालते, याचा विचार रस्त्याने जाणारा माणूस सहसा करीत नाही. तथापि काही वर्षे एक गोष्ट या भिंतीतून बाहेर येत होती आणि ती भाविकांच्या हातावर पडत होती. अंबाबाईच्या देवळात मिळणारे प्रसादाचे लाडू कळंब्याच्या कारागृहात बंदिजनांच्या हातांनी वळले जात. ज्या हातांना समाजाने गुन्हेगाराचे हात म्हटले, त्याच हातांचा प्रसाद समाजाने कपाळी लावून घेतला. तो घेताना हे लाडू कोणी वळले, असे कोणी विचारले नाही.

शिक्षा भोगणाऱ्या माणसाला काम द्यावे, अक्षरओळख करून द्यावी, बाहेर पडल्यावर तो पुन्हा माणसांत बसेल अशी तयारी करून घ्यावी, हा विचार आज स्वाभाविक वाटतो; पण तो फार जुना नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी युरोपातील तुरुंग म्हणजे मुख्यतः खटला उभा राहीपर्यंत, कर्ज फिटेपर्यंत किंवा फाशी होईपर्यंत माणूस कोंडून ठेवण्याची जागा होती. ही दृष्टी बदलण्यास अनेकांचे हात लागले. त्यांत एका छोट्याशा ख्रिस्ती पंथाचा वाटा त्याच्या संख्येच्या मानाने फार मोठा आहे. हा पंथ म्हणजे क्वेकर. कोल्हापूर-मिरज परिसराला ख्रिस्ती मिशन म्हटले की वॉनलेस हॉस्पिटल आठवते. परंतु ते मिशन अमेरिकन प्रेस्बिटेरियन परंपरेचे. क्वेकर त्यांच्याहून वेगळे. त्यांचे प्रार्थनास्थळ कळंब्यात नाही. मात्र तुरुंगाविषयी त्यांनी जे दोन मार्ग चोखाळले, त्यांची खूण कळंब्यासारख्या कोणत्याही कारागृहात शोधता येते. त्यांतील एक मार्ग पुढे नेण्याजोगा ठरला आणि दुसरा, हेतू शुद्ध असूनही, क्रूर ठरला.

या पंथाचा जन्मच तुरुंगाच्या सावलीत झाला. संस्थापक जॉर्ज फॉक्स याचा जन्म १६२४ साली इंग्लंडमधील लेस्टरशायर परगण्यात एका विणकराच्या घरी झाला. तरुणपणी तो चर्मकाराच्या हाताखाली काम शिकला. धर्माधिकाऱ्यांकडे फिरूनही मनाचे समाधान होईना, तेव्हा त्याला एक प्रतीती आली: ईश्वराचा प्रकाश प्रत्येक माणसाच्या अंतरी आहे आणि त्यासाठी मध्यस्थ पुरोहिताची गरज नाही. हे उघडपणे सांगितल्याबद्दल १६५० साली डर्बी येथे त्याला कैद झाली. ईश्वराच्या शब्दापुढे थरथर कापा, असे फॉक्सने न्यायाधीशाला बजावले, तेव्हा न्यायाधीशाने कुचेष्टेने या लोकांना ‘क्वेकर’, म्हणजे थरथरणारे, असे नाव ठेवले. नाव चिकटले. पंथाने स्वतःसाठी वापरलेला शब्द मात्र साधा आहे: ‘मित्र’. आजही त्यांची अधिकृत संस्था ‘मित्रांचा धर्मसमाज’ अशाच अर्थाच्या नावाने चालते.

डर्बीच्या तुरुंगात फॉक्सपुढे सुटकेचा एक मार्ग ठेवण्यात आला. सैन्यात अधिकारी हो आणि मोकळा हो. त्याने नकार दिला आणि आणखी सहा महिने अंधारकोठडी पत्करली. याच तुरुंगातून त्याने न्यायाधीशांना लिहिले, की जनावरे किंवा पैसा चोरल्याबद्दल माणसाला फासावर देणे अन्याय्य आहे. आणि कैद्यांना दीर्घकाळ एकत्र डांबून ठेवल्याने ते एकमेकांकडून दुर्गुणच शिकतात.

क्वेकरांचा आचार त्या काळच्या इंग्लंडला उद्दाम वाटला. ते राजापुढेही टोपी काढत नसत. इंग्रजीत तेव्हा मोठ्यांना आदरार्थी आणि लहानांना एकेरी संबोधन होते. क्वेकर सर्वांना एकेरीच संबोधीत, म्हणजे न्यायाधीशालाही ‘तू’ म्हणत. न्यायालयात शपथ घेण्यास त्यांचा विरोध होता, कारण शपथेवर खरे बोलायचे तर एरवी खोटे बोलण्याची मुभा आहे असा त्याचा अर्थ होतो. १६६० साली त्यांनी राजा दुसरा चार्ल्स याला निवेदन दिले, की कोणत्याही कारणासाठी आम्ही शस्त्र धरणार नाही. पुढे १६६२ चा कायदा खास त्यांच्याविरुद्ध झाला. हजारो क्वेकर तुरुंगात गेले आणि शेकडो तेथेच मृत्यू पावले. १६८९ च्या सहिष्णुता कायद्यानंतर हा छळ ओसरला.

त्यांची उपासना पाहणाऱ्याला आश्चर्य वाटते. मूळ रीतीच्या सभेत वेदी नाही, मूर्ती नाही, पुरोहित नाही, स्तोत्र नाही. माणसे एका साध्या खोलीत एकत्र येऊन निःशब्द बसतात. एखाद्याला आतून काही सांगावेसे वाटले तर तो उभा राहून थोडके बोलतो आणि पुन्हा शांतता पसरते. सभेचे निर्णयही मतदानाने होत नाहीत. सर्वांचा कल जुळेपर्यंत थांबले जाते. पुढे केनियासारख्या देशांत, जेथे आज क्वेकरांची संख्या सर्वाधिक आहे, उपदेशक आणि गीते आली. तरी मौन ही या पंथाची मुख्य ओळख राहिली.

व्यापारी कुटुंबांना या पंथाची आणखी एक बाजू विशेष परिचयाची वाटेल. शपथ न घेतल्यामुळे विद्यापीठे आणि सरकारी पदे क्वेकरांना बंद होती. म्हणून ते व्यापारात शिरले. महाराष्ट्रातील जुन्या बाजारपेठांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची चाल होती. इंग्लंडातील दुकानांतही घासाघीस हाच नियम होता. क्वेकर दुकानदाराने मात्र एकच भाव सांगायचा आणि तोच घ्यायचा, मग गिऱ्हाईक जाणकार असो वा अजाण मूल असो. लोक प्रथम बिचकले. पुढे पोराला एकटे पाठविले तरी फसवणूक होत नाही, हे कळल्यावर त्याच दुकानांकडे वळले. बार्कलेज आणि लॉइड्स या बँकांची मुळे क्वेकर कुटुंबांत आहेत. कॅडबरी, राउंट्री आणि फ्राय ही चॉकलेटची तिन्ही घराणी क्वेकरच. जॉन कॅडबरीने १८२४ साली बर्मिंगहॅममध्ये दुकान उघडले. श्रावकाच्या आचारात जसा निषिद्ध व्यवसायांचा, म्हणजे कर्मादानांचा विचार आहे, तसाच क्वेकरांनी शस्त्रांचा आणि गुलामांचा व्यापार वर्ज्य मानला. १७८७ साली लंडनमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध समिती स्थापन झाली. तिच्या बारा संस्थापकांपैकी नऊ क्वेकर होते. दिवाळे काढणे हा त्यांच्याकडे केवळ व्यवहारातला अपघात मानला जात नसे. सावकारांचा विश्वासभंग करणाऱ्याला समाजातून काढले जाई.

तुरुंगाच्या बाबतीत या पंथाची खरी कसोटी अमेरिकेत लागली. विल्यम पेन हा क्वेकर स्वतः लंडनच्या टॉवरमध्ये कैद भोगलेला. १६८१ साली त्याला अमेरिकेत वसाहतीची सनद मिळाली. १६८२ च्या कायद्यात त्याने फाशी केवळ खुनासाठी ठेवली आणि इतर कैद्यांना काम देण्याची तरतूद केली. पुढे जुने कठोर कायदे परत आले. परंतु १७८७ साली त्याच्याच फिलाडेल्फिया शहरात तुरुंगांची दुःस्थिती सुधारण्यासाठी संस्था निघाली आणि तिच्यात क्वेकर अग्रभागी होते. त्यांचा विचार असा, की मौनात आम्हांला प्रकाश दिसतो. मग गुन्हेगारालाही एकांत आणि शांतता दिली तर त्याच्या अंतरी पश्चात्ताप का उपजणार नाही? या विचारातून १८२९ साली ‘ईस्टर्न स्टेट’ हे भव्य कारागृह उघडले. प्रत्येक कैद्याला स्वतंत्र कोठडी, छतातून येणारा उजेड, हाती बायबल आणि काही हातकाम. दुसऱ्या कैद्याचा चेहरा दिसू नये म्हणून कोठडीबाहेर नेताना डोक्यावर बुरखा. वर्षानुवर्षे दुसऱ्या कैद्याशी संभाषण नाही.

१८४२ साली कादंबरीकार चार्ल्स डिकन्स ते पाहून आला. योजकांचा हेतू दयाळू आहे हे त्याने मान्य केले. पण मनाचा असा रोज थोडाथोडा छळ शरीरावरील कोणत्याही यातनेपेक्षा वाईट आहे, असा निर्वाळा त्याने दिला. कोठड्यांतली माणसे पश्चात्तापाने शुद्ध होण्याऐवजी मनाने मोडत होती. क्वेकर ज्या मौनात बसत ते स्वेच्छेचे होते आणि शेजारी दुसरा माणूस बसलेला असे. कोठडीतल्या मौनाला स्वेच्छाही नव्हती आणि सोबतही नव्हती. तरीही ही पद्धत युरोपातील अनेक तुरुंगांनी उचलली. हिंदुस्थानातही १८६० च्या दंडसंहितेत कलम ७३ अन्वये न्यायालयाला एकूण तीन महिन्यांपर्यंत एकांतकोठडी सुनावण्याचा अधिकार मिळाला आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११ मध्ये तो कायम आहे. १९७८ साली सुनील बत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एवढे स्पष्ट केले, की तुरुंगाधिकाऱ्यांना आपल्या मर्जीने अशी कोठडी देता येणार नाही.

दुसरा मार्ग एका स्त्रीने दाखविला. एलिझाबेथ फ्राय ही नॉर्विचच्या गर्नी या क्वेकर पेढीवाल्या घराण्यातली. १८१३ साली ती लंडनच्या न्यूगेट तुरुंगातील स्त्रियांच्या भागात गेली. सुमारे तीनशे स्त्रिया आणि त्यांची लेकरे तेथे चिखलमातीत कोंडलेली होती. १८१७ साली तिने मैत्रिणींसह मुलांसाठी शाळा आणि स्त्रियांसाठी शिवणकाम सुरू केले. नियम वरून लादले नाहीत. ते वाचून दाखविले आणि कैदी स्त्रियांनी हात वर करून एकेक मान्य केला. लंडनच्या व्यापाऱ्यांकडून शिवणाचे काम मिळविले. पुढल्या वर्षी ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे तिची साक्ष झाली. दिवसभराच्या एकांतवासाला तिचा विरोध होता. १८२८ साली तिच्या पतीची पेढी बुडाली आणि क्वेकरांनी त्याला समाजातून काढले. लोकनिंदा झाली, पण तिचे तुरुंगात जाणे थांबले नाही.

भारतात पहिली क्वेकर सेविका रेचेल मेटकाफ १८६६ साली आली. पुढे होशंगाबाद हे त्यांचे केंद्र झाले. मार्च १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहापूर्वी गांधीजींचे पत्र व्हाइसरॉयकडे नेणारा रेजिनाल्ड रेनॉल्ड्स हा क्वेकर तरुणच होता. महाराष्ट्रात मार्जोरी साइक्स यांनी स्वातंत्र्यानंतर सेवाग्राम येथे नई तालीमच्या शिक्षक-प्रशिक्षणाचे काम केले. १९४७ चे शांततेचे नोबेल पारितोषिक ब्रिटन आणि अमेरिकेतील क्वेकरांच्या दोन सेवासंस्थांना मिळाले.

कळंब्याच्या शेजारच्याच सांगली जिल्ह्यात मात्र फ्रायच्या मार्गाला जुळणारा प्रयोग क्वेकरांशिवाय झाला. आटपाडीजवळ औंध संस्थानाच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३९ साली ‘स्वतंत्रपूर’ ही कैद्यांची खुली वसाहत वसविली. त्यामागे मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याचा विचार होता. येथे भिंत नव्हती. शेती होती, कुटुंब सोबत होते आणि पळून न जाण्याचा भरवसा होता. या वसाहतीवरूनच ग. दि. माडगूळकरांची कथा आणि कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा चित्रपट घडला.

न्यूगेट, स्वतंत्रपूर आणि कळंबा यांना जोडणारी गोष्ट एकच आहे. भिंतीआडच्या माणसाला काम शिकविता येते; पण त्या कामाला बाहेर कोणी घेणारे हवे. फ्रायने शिवणकाम सुरू केले तेव्हा तिला व्यापारी शोधावे लागले आणि त्यांनी काम दिले म्हणून तो प्रयोग टिकला. कळंब्याच्या दारातून शिक्षा संपवून बाहेर पडणारा माणूस एसटीने शहरात उतरतो, तेव्हा त्याच्या हाती सुतारकाम किंवा शिवण असू शकते. कोल्हापूरच्या गूळबाजारात, लक्ष्मीपुरीच्या दुकानांत त्याला कोणी वखारीवर ठेवील का, वजनकाट्याजवळ उभे करील का, हा प्रश्न कारागृहाला सोडविता येत नाही. त्याचे उत्तर गल्ल्यावर बसणाऱ्या माणसापाशी आहे.