जमाबंदी आणि जमावबंदी

महसुली दप्तरातील 'जमाबंदी' म्हणजे साऱ्याची आकारणी, आणि पोलिसी हुकमातील 'जमावबंदी' म्हणजे पाच वा अधिक इसमांनी एकत्र येण्यास मनाई. अर्थाने परस्परांपासून इतके दूर असलेले हे दोन शब्द एका अक्षराच्या अंतराने नांदतात. आणि ते एकाच कचेरीतून निघतात, कारण रयतेकडून सारा गोळा करणाऱ्या अधिकाऱ्याच्याच हाती इंग्रजांनी दंडाधिकाऱ्याचा शिक्का दिला व स्वातंत्र्यानंतर आपणही ती व्यवस्था मोडली नाही.

संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने शांततेने व निःशस्त्र जमण्याचा हक्क दिलेला आहे, आणि १९५१ च्या पोलीस अधिनियमाचे ३७ वे कलमही अशी मनाई शासनाच्या मंजुरीवाचून पंधरा दिवसांपलीकडे चालू देत नाही. परंतु एका हुकमाची मुदत संपते न संपते तोच दुसरा निघू लागला म्हणजे अपवाद हाच नियम होऊन बसतो. लग्नाची वरात आणि प्रेतयात्रा यांना बहुधा सूट असते. महागाईने गांजलेल्या माणसांच्या मोर्चाला ती नसते, हे मला फार लागते.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने टिपून घेणारे साने गुरुजी येथे आठवल्यावाचून राहत नाहीत. १९३८ साली पूर्व खानदेशात अतिवृष्टीने पिके बुडाली, तेव्हा शेतसारा माफ व्हावा म्हणून त्यांनी गावोगाव सभा घेतल्या आणि कलेक्टर कचेरीवर मोर्चे नेले. मुंबई इलाख्यात त्या वेळी बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ होते, म्हणजे राज्य काँग्रेसचे होते, आणि गुरुजी स्वतः अमळनेरहून 'काँग्रेस' नावाचेच साप्ताहिक चालवीत होते. सत्तेवर आपली माणसे आहेत म्हणून शेतकऱ्याचे दुःख त्यांना कमी वाटले नाही. आज मात्र कोणता पक्ष गादीवर आहे हे पाहून माणसे महागाईवर बोलावे की गप्प बसावे हे ठरवितात, आणि राजकारणाविषयीचा माझा सर्वांत मोठा विषाद हाच आहे.

कापूस विकावयाचा तो व्यापाऱ्याच्या भावाने आणि तेल घ्यावयाचे ते दुकानदाराच्या भावाने, असा दोन्हीकडून पराधीन झालेला हा खानदेशचा मुलूख आहे. येथल्याच एका गावी मी मागे एका मोर्चात चाललो होतो. माझ्या शेजारी एक वृद्ध बाई होती. "भाऊ, आते काय लेवानं नि काय सोडानं?" एवढेच ती म्हणाली. कचेरीच्या फाटकाशी पोहोचल्यावर शिष्टमंडळातील पाच जणांनीच आत यावे असे सांगण्यात आले. ते गेले, निवेदनावर पोच घेऊन पंधरा-वीस मिनिटांत परतले, आणि लोक पांगू लागले. बाईने साहेबांना दाखवावी म्हणून किराण्याची चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधून आणली होती. ती गाठ तिने सोडली, चिठ्ठी एकदा उलगडून पाहिली, आणि तशीच पुन्हा बांधून ती एस. टी. स्टँडच्या वाटेला लागली.