वाळूतले धन

आमच्या आदिलाबादेत सारे काही आहे. नाही तो समुद्र. पैनगंगा आहे, गोदावरी आहे, सागाचे रान आहे, कापसाचा बाजार आहे. पण पूर्वेचा असो वा पश्चिमेचा, सागर आमच्यापासून सारखाच दूर. त्यामुळे समुद्रकिनाऱ्यावरील वाळूत हरवलेले दागिने शोधून माणसाचे पोट भरेल काय, हा प्रश्न मला माझ्या छत्तीस वर्षांपूर्वीच्या शिक्षणाने कधी विचारला नव्हता आणि पुढील नोकरीनेही नाही. तो विचारला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने, गेल्या वैशाखात, माझ्याच ओसरीवर बसून.

हा मुलगा पैनगंगेकाठच्या एका खेड्यातला. वडील नाहीत. आई, दोन एकर कोरडवाहू आणि एक बैलजोडी एवढा संसार. दहावीनंतर शिक्षण सुटले. कापसाच्या हंगामात तो जिनिंगमध्ये हमाली करतो. हंगाम सरला की हात रिकामे. त्या दिवशी त्याने भ्रमणध्वनीवर मला एक चित्रफीत दाखविली. परदेशातील कुणी गृहस्थ कानाला यंत्र लावून समुद्रकाठी हिंडत होता. यंत्र वाजले की वाळू उकरी आणि अंगठी काढी.

“सर, हे यंत्र काही हजारांत मिळते. एक बैल विकला तर येईल. समुद्र नसला म्हणून काय झाले? बासरचा घाट आहे. यावर पोट भरेल का, तेवढे सांगा.”

मी हसण्यावारी नेणार होतो. पण बैल हा शब्द कानी पडला आणि हसू ओठांतच राहिले. कोरडवाहू शेतकऱ्याचा एक बैल विकला जाणे म्हणजे दुसराही निरुपयोगी होणे. मी म्हटले, “उत्तर तोंडी देत नाही. आपण बासरला जाऊ, एक दिवस शोधू आणि हिशेब मांडू.”

बासर पूर्वी आमच्याच जिल्ह्यात होते. २०१६ साली जिल्ह्याचे विभाजन झाले आणि ते निर्मळ जिल्ह्यात गेले. आमच्या तोंडी मात्र अजून ‘आपले बासर’च आहे. ज्ञानसरस्वतीपुढे आमच्या घरातल्या तीन पिढ्यांनी पाटीवर पहिले अक्षर गिरविले. तेथे गोदावरीवर रेल्वेचा पूल आहे. गाडी पुलावर आली की प्रवासी हात जोडतात आणि खिडकीतून नाणे टाकतात. श्रीरामसागर धरणाचे पाणी फुगले की ते बासरपर्यंत येते. उन्हाळ्यात ओसरते, वाळू उघडी पडते आणि शोधणाऱ्यांचा हंगाम सुरू होतो.

निर्मळ-भैंशाच्या वाटेने आदल्या रात्रीच पोचलो. पहाटे घाटावर पाहतो तो आमच्याआधी सात-आठ मुले हजर. यंत्र एकाकडेही नव्हते. जुन्या ध्वनिक्षेपकातले वाटोळे लोहचुंबक दोरीला बांधून ती पाण्यात भिरकावीत आणि हळूहळू ओढीत. चुंबकाला रुपया चिकटून येई. हे पाहून माझ्यातला शिक्षक जागा झाला. पूर्वीचे तांबे-निकेल मिश्रणाचे नाणे चुंबकाला दाद देत नसे. पोलादी नाणी आली तेव्हाच हा उद्योग शक्य झाला. आजही पितळी रंगाचे पाच रुपयांचे नाणे चुंबकाला चिकटत नाही. ते चाळणीने किंवा पायाच्या बोटांनीच शोधावे लागते. ही गोष्ट मी वर्गात कधी शिकविली नव्हती. त्या मुलांना मात्र ती पाठ होती.

आम्हीही चुंबक आणि चाळणी घेऊन उतरलो. सकाळी सहा ते बारा आणि दुपारी चार ते सहा. संध्याकाळी पायरीवर बसून मोजले. एक रुपयाची नाणी ४१, दोनची १५, पाचची ३. एकूण ८६ रुपये. तेही दोघांत मिळून. आमचे एका बाजूचे बसभाडे त्याहून अधिक होते.

“यंत्र असते तर अधिक मिळाले असते,” तो म्हणाला.

“मिळाले असते,” मी म्हटले, “पण यंत्र नाणी शोधते, नाणी पाडीत नाही. लोक जेवढे टाकतील तेवढेच नदीत राहणार. तू अधिक काढलेस तर या पोरांच्या वाट्याचे कमी होईल, एवढेच. आणि हल्ली लोकांच्या खिशात नाणी उरली आहेत कुठे? चहावालासुद्धा भ्रमणध्वनीवर पैसे घेतो.”

मग मी त्याला यंत्राची कूळकथा सांगितली. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली, तेव्हा दूरध्वनीच्या संशोधनाने कीर्ती मिळविलेले ग्रॅहम बेल अशाच तत्त्वाचे यंत्र घेऊन गोळी शोधावयास गेले होते. गोळी सापडली नाही. विजेच्या वेटोळ्याजवळ धातू आला की यंत्र बोलते; पण तो धातू सोन्याचा आहे की बाटलीच्या बुचाचा, हे बहुधा उकरल्यावरच कळते. समुद्राच्या खाऱ्या, ओल्या वाळूत तर साधे यंत्र उगाचच ओरडते. इंग्लंडमध्ये २००९ साली एका हौशी माणसाला शेतात प्राचीन सोन्याचा प्रचंड साठा सापडला, हे खरे. त्याची किंमत बत्तीस लाख पौंडांहून अधिक ठरली आणि निम्मी शेतमालकाला मिळाली. परंतु ज्यांना काहीच सापडले नाही, त्यांची चित्रफीत कोण काढील?

आपल्याकडे तर कायदाही आडवा येतो. १८७८ सालच्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. लपविल्यास कैद होऊ शकते. दहा रुपये! त्या काळी ती मोठी रक्कम होती.

मग वाळू-मातीतून धन काढून कुणी जगलेच नाही काय? जगले. सराफकट्ट्यावरील झारेकरी मी पाहिले आहेत. पेढीसमोरचा केर आणि गटारातला गाळ ते धुतात. माती वाहून जाते, जड सोन्याचा कण तळाशी राहतो. आमच्या शेजारच्या चांदा भागात नदीची वाळू धुऊन सोने काढणारे सोनझारी होते. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथात त्यांची नोंद आहे. पण झारेकऱ्याचे पोट नशिबावर चालत नाही. सोनार रोज कानस चालवितो, म्हणून कण रोज पडतो. जेथे रोज काही सांडते, तेथेच रोज काही वेचता येते. उरलेली ती सोडत.

हे सांगत असतानाच त्याने मूठ उघडली. चाळणीत आलेले एक जोडवे त्याने हिशेबात धरले नव्हते. चांदीचे, झिजलेले.

“सर, याचे काय?”

मला २०१५ सालचे पुष्कर आठवले. याच घाटावर सौ.च्या बोटातील अंगठी पाण्यात निसटली होती. तिच्या वडिलांनी दिलेली. गर्दी इतकी की खाली वाकण्याचीही सोय नव्हती. ती घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. आजही स्नान करताना तिचा अंगठा त्या रिकाम्या बोटाकडे जातो.

मी त्याला एवढेच सांगितले. नाणे गंगेला वाहिलेले असते, त्याचा मालक त्यावरचा हक्क सोडून गेलेला असतो. जोडवे वाहिलेले नसते, ते हरवलेले असते. त्याचा मालक कुठेतरी अजून आठवण काढीत असतो. हरवलेली वस्तू सापडली तर ती जपून ठेवावी, असे १८७२ सालचा करार कायदाही सांगतो. म्हणजे चित्रफितीतील ज्या अंगठ्यांसाठी बैल विकावयाचा, त्या आपल्या नव्हेतच.

तो बराच वेळ गप्प होता. नंतर उठून घाटावरच्या फुलवालीकडे गेला. तिच्याजवळ एक डबा होता. सापडलेल्या लहानसहान वस्तू ती त्यात ठेवीत असे. जोडवे त्यात पडल्याचा आवाज मला पायरीवर ऐकू आला. ८६ रुपयांची त्याने आईसाठी प्रसादाची पुडी आणि राहिलेल्यांची केळी घेतली.

घरी आल्यावर मी सौ.ला सारी हकीकत मोठ्या समाधानाने सांगितली. तिने ऐकून घेतले आणि विचारले, “बैल वाचवलात, चांगले केलेत. पण जिनिंग सुरू होईपर्यंत त्या पोराने खायचे काय, ते सांगितलेत का?”

मी सांगितले नव्हते. तीस वर्षे मी मुलांना हिशेब शिकविला, उत्तर चुकले की लाल रेघ ओढली. या वेळी उत्तर चुकले नव्हते. प्रश्नच अर्धा सोडविला होता. ‘यावर पोट भरणार नाही’ हे सांगणे सोपे. कशावर भरेल, हे सांगण्यासाठी तो माझ्याकडे आला होता.

मृगाचा पाऊस पडला तेव्हा मी मुद्दाम त्याच्या गावी गेलो. शेतात दोन्ही बैल जुंपलेले होते. बांधावर उभा राहून मी त्याला म्हटले, या वर्षी सरकीच्या पिशव्यांचे पैसे माझ्याकडून घे, कापूस विकल्यावर दे. तो हसला आणि म्हणाला, “सर, हे काही वाळूत सापडलेले नाही ना?”

मी नाही म्हटले. त्याने बैलांना हाक दिली आणि तास पुढे नेले.